नाचणीचें जाळीदार घावन

श्रावणांत पन्हाळ्यावर धुकें उतरलें म्हणजे अंगणांतील तुळशीवृंदावनहि दिसेनासें होतें. अशा दिवसांत सुटीला आलेल्या मुलांना घरांत रमविणें आणि त्यांच्या हातीं वरचेवर कांहीं रुचकर देत राहणें, हें एकत्र कुटुंबांतील स्त्रियांचें एक कामच होऊन बसतें. गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडील मुलांनीं एकमुखानें वॉफल मागितलें. कोल्हापुरांतील दुकानांत त्यांनीं तें खाल्लें होतें. चौकोनी खळ्यांचें, वर चॉकलेट ओतलेलें. वर्णन ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे घावनच ना, जाळीचें?"

त्या वेळीं त्यांचें मनगट मोडून हात गळ्यांत बांधलेला होता. आहारांत कॅल्शियम वाढवा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. घरांत नाचणीचा डबा भरलेला. पण ती भाकरी आवडीनें खाणाऱ्या व थापणाऱ्या त्या एकट्याच. मुलें तो काळसर रंग पाहूनच तोंड फिरवीत. त्यांतच आम्हांला नाचणी आणून देणारे डोंगराकडील शेतकरी पायरीवर टेकून म्हणाले, "वहिनी, पुढच्या सालीं लावूं कीं नको तें आतांच सांगा. आमचीं पोरंहि खात नाहींत हल्ली." त्यांच्या उतारावरच्या तुकड्यांत दुसरें काय पिकणार? मला त्यांना धड उत्तर देतां आलें नाहीं.

ज्या गडावर आम्ही राहतों तेथील अंबरखान्यांत, गंगा, यमुना व सरस्वती या नांवांच्या कोठारांत, वरी व भात यांच्याबरोबर नागलीहि सांठवीत, असें सांगतात. तिन्ही मिळून 25,000 खंडी धान्य मावे म्हणे. नागली म्हणजे आपली नाचणीच. वेढ्याच्या दिवसांत तिच्यावर भिस्त ठेवण्यास कारणहि होतें. ती वर्षानुवर्षें टिकते, सहसा कीड लागत नाहीं. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच मैद्यांत 25 च्या आसपास. चोथ्याचें प्रमाणहि मैद्याच्या तिपटीहून अधिक. 2023 हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतील दुकानांत नाचणीचीं बिस्किटें दिसूं लागलीं. त्यांतील मैदा व साखर यांचें प्रमाण मात्र पुड्यावर वाचून पाहावें!

वॉफल हा मूळचा युरोपांतील पदार्थ. लांब दांड्यांच्या दोन लोखंडी पत्र्यांमध्यें पीठ दाबून तो विस्तवावर भाजीत. अमेरिकेंत ट्रॉय येथील कॉर्नेलियस स्वार्टवाऊट यांनीं चुलीवर ठेवून उलटतां येईल अशा साच्याचें पेटंट 1869 च्या ऑगस्टमध्यें घेतलें. आतां विजेचे साचे मिळतात. बिडाचा साचा गॅसवरहि चालतो. आपल्या आप्पेपात्राचा हा लांबचा भाऊबंद म्हणावा. साच्यांत अपथ्यकर असें कांहींच नाहीं. अपथ्य आहे तें मैदा, साखर आणि वरच्या ओतण्यांत.

माझा पहिला प्रयत्न पार फसला. पिठांत गूळ सढळ हातानें घातला आणि दोन मिनिटांतच झांकण उघडलें. अर्धें घावन वर, अर्धें खालीं! पुतण्यानें त्याला "वॉफलची खरवड" असें नांव ठेवलें. गूळ तापतांच साच्याला धरतो आणि वाफ कोंडलेली असतां पीठ सुटत नाहीं, हें मग उमगलें.

आतां बसलेली रीत अशी. अर्धी वाटी उडदाची डाळ पांच-सहा तास भिजवून फुलेपर्यंत वाटावी. नाचणींत गव्हासारखा चिकटा नसतो. तो आधार डाळ देते, अंड्याची गरज पडत नाहीं. त्यांत दोन वाट्या नाचणीचें पीठ व कुरकुरीतपणासाठीं अर्धी वाटी तांदळाची पिठी मिसळून आप्प्यांइतपत सरसरीत भिजवावें. पीठ चाळून कोंडा टाकूं नये. बरेंचसें कॅल्शियम त्यांतच असतें. रात्रभर तें आंबवावें. आंबल्यानें रुचि तर येतेच, पण धान्यांतील फायटिक आम्ल कमी होऊन खनिजें अंगीं लागण्यास मदत होते. मोड आणलेल्या नाचणीचें पीठ त्याहून चांगलें, परंतु पावसांत तें वाळणार कसें? तें वैशाखांतच करून ठेवावें. पन्हाळ्याच्या गारठ्यांत एका रात्रींत पीठ फुगत नाहीं. मी पातेलें गोधडींत गुंडाळून दुपारपर्यंत ठेवतें. सोड्याची घाई करूं नये. त्यानें ब जीवनसत्त्वाचा नाश होतो.

भाजण्यापूर्वीं मीठ व दोन चमचे पातळ तूप घालावें. साचा चांगला तापवून पीठ ओतावें, आणि कडेनें येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झांकणास हात लावूं नये. काढलेलें घावन ताटांत न ठेवतां जाळीवर ठेवावें, नाहींतर घामेजून मऊ पडतें. गोडी हवी तर खळ्यांत काकवी किंवा केळ्याच्या चकत्या. तिखटाची आवड असल्यास पिठांतच आलें, मिरची, कोथिंबीर व किसलेला दुधी. मधुमेहाच्या रोग्यांनीं मात्र नाचणी म्हणजे मोकळीक असें समजूं नये. तींतहि पिष्ट भरपूर असतें. एक घावन, सोबत दहीं किंवा उसळ, आणि काकवी नाहींच.

सासूबाईंचें हाड नाचणीनें सांधलें असें मी म्हणणार नाहीं. तें काम प्लास्टरानें व दिवसांनीं केलें. परंतु त्या पावसांत त्या डाव्या हातानें खळ्याखळ्यांत काकवी सोडीत बसत, आणि मुलें आपलें ताट आधीं भरावें म्हणून त्यांच्याभोंवतीं भांडत. गणपतीच्या आधीं ते शेतकरी पुन्हां आले, तेव्हां त्यांना दोन पायल्या नाचणी जास्त लागेल, असें सासूबाईंनींच आंतून सांगितलें.