जुन्या छायाचित्रांचा जीर्णोद्धार



'जीर्णोद्धार' हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. आपल्याकडे देवळांचा जीर्णोद्धार दोन प्रकारांनी होतो. कोठे ढासळलेला चिरा उचलून पुन्हा त्याच्या जागी बसवितात. कोठे हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर तैलरंगाचे हात चढवितात, वर सिमेंटचा कळस उभारतात आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावून मोकळे होतात. दोन्हींना शब्द एकच. फाटक्या, डागाळलेल्या, विटलेल्या ऐतिहासिक छायाचित्रांची संगणकावर जी दुरुस्ती होते, तिच्यातही हेच दोन प्रकार आहेत; आणि ही विद्या शिकू पाहणाऱ्याने त्यांतील भेद पहिल्या दिवसापासून ओळखावयास शिकले पाहिजे.

छायाचित्र बिघडते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. जुने कृष्णधवल छायाचित्र म्हणजे कागदावर दिलेला जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. (त्याहून जुन्या छापांत जिलेटिनऐवजी अंड्याचा पांढरा बलक वापरीत.) चांदी दाट असेल तेथे काळे, विरळ असेल तेथे उजळ. छाप तयार करताना त्यातला 'हायपो' नीट धुतला गेला नाही, तर त्यातील गंधक पुढे वर्षानुवर्षे चांदीवर आपले काम करीत राहते आणि चित्र पिवळट तपकिरी होऊन विरत जाते. दमट हवेत जिलेटिन फुगते, त्यावर बुरशी चढते. कसरीला तर तो खाऊच मिळतो. पावसाळ्यात भिंतीवरच्या तसबिरीतील चित्र काचेला चिकटून बसते. असे चित्र कृपा करून ओढून काढू नका. थर काचेवर राहील आणि हाती नुसता कागद येईल. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी.

आता या साऱ्या बिघाडांत एक महत्त्वाचा फरक आहे. जे विटले आहे, ते अद्याप तेथे आहे. जे कसरीने खाल्ले, ते गेले. पहिल्याला बाहेर काढता येते. दुसऱ्याच्या जागी आपण जे ठेवू ते आपल्या पदरचे असते.

पहिल्या कामात संगणक खरोखर थक्क करून सोडतो. स्कॅनर चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडतो आणि प्रत्येक ठिपक्याची उजळी आकड्यात मोजतो. चार इंच रुंद व सहा इंच उंच असे चित्र इंचाला ६०० ठिपके या मापाने घेतले, तर २,४०० गुणिले ३,६००, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याची उजळी साधारणतः २५६ पायऱ्यांत नोंदली जाते. धडधाकट चित्राला एवढ्या पायऱ्या पुरतात. पण विटलेल्या चित्रात गर्द काळेही नसते आणि शुभ्र पांढरेही नसते. त्याचा सारा संसार मधल्या साठेक पायऱ्यांत चाललेला असतो. त्या साठ पायऱ्या ताणून २५६ पर्यंत पसरविल्या तर मध्ये फटी पडतात आणि आजोबांच्या गालावर नकाशातल्यासारखे पट्टे उमटतात. म्हणून जाणकार मनुष्य स्कॅनरला सोळा बिटांची मोजणी करावयास सांगतो. त्यात पायऱ्या ६५,५३६ असतात. विटलेल्या चित्राच्या वाट्याला त्यांतील सुमारे पंधरा हजार येतात, आणि मग खुशाल ताणावे.

दुसरी युक्ती याहून मौजेची आहे. चित्र कृष्णधवल असले तरी ते रंगीत म्हणूनच स्कॅन करावे. कारण स्कॅनर तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांची वेगवेगळी नोंद ठेवतो. पिवळा पदार्थ निळा प्रकाश गिळतो आणि तांबडा परतवितो. तेव्हा पिवळे पडून विरलेले चित्र निळ्या नोंदीत सर्वांत ठसठशीत दिसते. उलट, चित्र काळेभोर शाबूत आहे पण त्यावर चहाचा डाग पडला आहे, तर तांबडी नोंद पाहावी. तेथे डाग जवळजवळ नाहीसा होतो आणि खालची माणसे आपापल्या जागी बसलेली सापडतात. या दोन्ही रीतींत आपण पदरचे काहीही घातलेले नाही. होते तेच पुढे आले. हा पहिला जीर्णोद्धार.

दुसरे काम भरण्याचे. ओरखडा, घडीची भेग, वाळवीचे भोक अशा ठिकाणी शेजारचा पोत उचलून तेथे बसवावयाचा. हे रफू होय, आणि रफूगाराचे सर्व नियम त्याला लागू आहेत. २००० साली बेर्तालमिओ, सापिरो, कासेयेस आणि बायेस्तेर या चार संशोधकांनी हे काम यंत्राकडून करवून घेण्याची एक रीत मांडली. भोकाच्या काठाशी येऊन तुटलेल्या रेषा आत वळवीत नेऊन जोडावयाच्या, अशी ती कल्पना. तिचे नाव व मार्ग त्यांनी संग्रहालयांत जुनी तैलचित्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून घेतला होता. बारीक भेगेला ही रीत छान लागू पडते. भोक मोठे असले म्हणजे मात्र रफू संपते आणि ठिगळ सुरू होते. साध्या भिंतीला ठिगळ खपते. पैठणीच्या काठाला खपत नाही, आणि चेहऱ्याला तर मुळीच नाही.

चेहऱ्याविषयी थोडे अधिक सांगतो, कारण शिकाऊ हात तेथेच जास्त घसरतो. शाळेच्या किंवा लग्नाच्या समूहचित्रात एकेक चेहरा कागदावर दोन मिलिमीटरांचाही नसतो. आपल्या ६००च्या मापाने त्याची रुंदी भरते सत्तेचाळीस ठिपके. ओठाच्या कोपऱ्यातला एक ठिपका वर सरकला की गंभीर मुद्रा हसरी होते. डोळ्यातली चमक पुसली की मनुष्य झोपाळू दिसू लागतो.

यावर अभ्यासाचा एक उपाय आहे. एखादे उत्तम, निर्दोष छायाचित्र घ्यावे. त्याची प्रत करून ती संगणकावर आपणच बिघडवावी: भेगा पाडाव्या, डाग टाकावे, एका चेहऱ्याचा कोपरा खाऊन टाकावा. मग चार दिवस जाऊ द्यावे, आणि मूळ न पाहता ती दुरुस्त करावी. शेवटी दुरुस्त प्रत मुळावर ठेवून संगणकाकडून दोहोंची वजाबाकी करवावी. जेथे काळे राहिले तेथे आपण बरोबर होतो. जेथे उजळ ठिपके चमकतात तेथे चुकलो. आकाश, भिंत, जमीन यांत बहुधा उत्तीर्ण व्हाल. चेहऱ्यात किती गुण मिळाले ते प्रत्येकाने स्वतःशीच पाहावे. खऱ्या जुन्या चित्राच्या बाबतीत ही वजाबाकी कधीच करता येत नाही, आणि दुरुस्ती बरी दिसते म्हणून ती बरोबर आहे असे वाटण्याचा धोका तेथेच असतो.

आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. अब्राहम लिंकन यांचे छायाचित्र अलेक्झांडर गार्डनर यांनी ५ फेब्रुवारी १८६५ रोजी काचेच्या निगेटिव्हवर घेतले. ती काच तडकली. गार्डनर यांनी तिच्यावरून एकच छाप काढली आणि काच टाकून दिली. पुढे एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. ती एकुलती एक छाप आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे, आणि लिंकन यांच्या डोक्यावरून आडवी गेलेली भेग तिच्यात स्पष्ट दिसते. ही भेग संगणकावर बुजविणे शिकाऊ मनुष्यालाही साधेल. बुजवावी काय? पाठ्यपुस्तकात लिंकन कसे दिसत हे दाखवावयाचे असेल, तर बुजवावी आणि तसे खाली लिहावे. पण ती भेग म्हणजे त्या काचेचे चरित्र आहे. ती नाहीशी केली तर छाप एकच का, या प्रश्नाचे उत्तरही चित्रातून नाहीसे होते. माझे मत विचाराल तर, भिंतीवर लावावयास मी भेगेसकटच पत्करीन.

अलीकडे कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत. पूर्वी जे शिकावयास वर्षे लागत ते ती क्षणात करतात. धूसर चेहरा द्यावा, पापण्या मोजता येतील असा चेहरा मिळतो. तो कोणाचा असतो? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली असे एक यंत्र पुढे आणले. त्याला बराक ओबामा यांचे मुद्दाम धूसर केलेले चित्र दिले असता एका गोऱ्या गृहस्थाचा रेखीव चेहरा बाहेर आला! यंत्राचे गणित त्याच्या परीने बिनचूक होते. लहान करून धूसर केले असता एकसारखे दिसतील असे चेहरे असंख्य असतात. त्यांतला एक त्याने उचलला. स्वतः संशोधकांनीही हे यंत्र ओळख पटविण्यासाठी आहे असे म्हटले नव्हते. परंतु पणजीचे चित्र 'सुधारून' मिळते तेव्हा ती पणजी आहे की पणजीसारखी दुसरी कोणी, हे पाहणाऱ्याला कसे कळावे?

आणि हा प्रश्न नेहमीच घरगुती राहत नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने नोम पेन्ह येथील तुओल स्लेंग तुरुंगात हजारो माणसे कोंडली आणि बहुतेकांना ठार केले. आत येताना प्रत्येकाचे छायाचित्र घेत. २०२१ साली त्यांपैकी काही चित्रे रंगवून एका परदेशी संकेतस्थळावर झळकली, आणि त्यांतले काही चेहरे चक्क हसत होते. मूळ चित्रांत ते हसत नव्हते. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने निषेध केला, चित्रे काढून घेण्यात आली. पण मरणाच्या दारातल्या माणसाच्या ओठांवर हसू चिकटविणे याला दुरुस्ती म्हणावयाचे काय?

म्हणून कामाची शिस्त सांगतो. मूळ कागदाला हात लावावयाचा नाही. पहिला स्कॅन टिफ या स्वरूपात जसाच्या तसा जपून ठेवावा. दुरुस्ती त्याच्या प्रतीवर. तीही वेगळ्या थरावर, म्हणजे लेयरवर करावी, की तो थर मिटताच खालचे जखमी चित्र पुन्हा दिसावे. काय उजळले, काय भरले, काय कल्पनेने घातले, हे तीन ओळींत लिहून त्याच फाइलशेजारी ठेवावे. अशी टीप असलेले चित्र पन्नास वर्षांनी इतिहासाच्या अभ्यासकाला वापरता येईल. टीप नसलेल्या सुंदर चित्राकडे तो संशयानेच पाहील.

शिवाय चित्राची पाठ विसरू नये. बहुतेक लोक पुढची बाजू स्कॅन करतात आणि चित्र पाकिटात घालतात. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले साल, कोणीतरी मोडीत टाकलेले नाव पुष्कळदा मागेच असते. पेन्सिल फिकट असेल तर चित्र उजेडापुढे तिरपे धरून फोटो घ्यावा; शिशाने कागदावर पाडलेली चरी सावलीने वाचता येते. आणि मागे काहीच नसेल, तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापुढे दुरुस्त केलेले नव्हे, मूळ चित्र ठेवावे, त्यातील माणसे डावीकडून उजवीकडे कोण कोण आहेत ते विचारावे आणि ती नावे त्याच दिवशी लिहून घ्यावी.