‘सेव्ह’ झाले, पण टिकले का?

रुग्णाचा अहवाल संगणकात ‘सेव्ह’ केला आणि त्याच क्षणी वीज गेली. अहवाल टिकेल का? हे बऱ्याच अंशी ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या प्रोग्रामवर अवलंबून असते. डिस्कचा कारभार कंट्रोलर ही चिप पाहते आणि तिला आदेश देतो तो ड्रायव्हर. वेग वाढावा म्हणून डिस्क माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत ठेवते आणि ‘लिहिले’ असे कळवून टाकते. वीज गेली की ही स्मृती पुसली जाते. म्हणून महत्त्वाची माहिती डिस्कवर खरोखर उतरवण्याचा वेगळा आदेश ड्रायव्हरमार्फत द्यावा लागतो.

१९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स जाहीर केली, तेव्हा ती फक्त एटी प्रकारच्या हार्ड डिस्कवर चाले. त्याच्याकडे तेवढीच होती. इतर ड्रायव्हर पुढे जगभरातील प्रोग्रामरनी लिहिले. कंट्रोलरची तांत्रिक माहिती कंपनीने दिली नाही, तर मात्र चाचपडत लिहावे लागते. रुग्णाचा पूर्वेतिहास न विचारता औषध देण्यासारखेच हे. प्रोग्राम खुला असल्याने त्यातली चूक कोणालाही शोधता येते, हा मोठा फायदा.

तरीही यूपीएस आणि वेगळ्या डिस्कवर दुसरी प्रत हवीच. बिघडलेल्या डिस्कला उत्तम ड्रायव्हरही वाचवू शकत नाही.