शेवटचं पाणी गारच बरं

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमध्ये घरोघरी मला एकच प्रश्न विचारला जातो. वॉशिंग मशीन दुरुस्तीला गेलो की ताई म्हणतात, "दादा, खंगाळायला कोमट पाणी घेता येईल का? गार पाण्यानं साबण निघतच नाही." इंदिरानगर असो की पंचवटी, तक्रार खरी असते. काळ्या पॅन्टवर पांढरे पट्टे दिसतात, टॉवेल कडक होतो, लहान मुलांच्या अंगाला खाज सुटते. पण दोष पाण्याच्या गारव्याचा नसतो.

धुणं आणि खंगाळणं ही दोन निराळी कामं आहेत. धुताना तेलकट मळ सुटायचा असतो आणि पावडर विरघळायची असते. तिथं कोमट पाण्याचा खरा उपयोग होतो, म्हणून फ्रंट लोड मशीनचा हीटर धुण्याचं पाणी तापवतो. खंगाळायची वेळ येईपर्यंत मळ आणि पावडर पाण्यात उतरलेली असते. आता ते पाणी फक्त बदलायचं असतं, आणि त्यासाठी नळाचं पाणी पुरतं.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, स्पिन झाल्यावर कपड्यांत ३ लिटर पाणी उरलं आणि मशीननं नवं १५ लिटर घेतलं. साबणाचं प्रमाण एक षष्ठांश झालं. तसंच दुसऱ्या पाण्यात ते ३६वा भाग होतं आणि तिसऱ्यात २१६वा. आता स्पिन नीट न झाल्यानं दर वेळी ३ऐवजी ६ लिटर पाणी कपड्यांत राहिलं असं धरा. तिसऱ्या पाण्यात साबणाचं प्रमाण पाचपट राहतं. या हिशेबात तापमान कुठंच येत नाही. साबण निघतो तो पाणी बदलल्यानं आणि घट्ट पिळल्यानं.

कोमट पाण्याचा एक फायदा मात्र खरा आहे. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ४० अंशांचं पाणी जवळपास एक तृतीयांशानं कमी दाट असतं. त्यामुळं स्पिनमध्ये ते थोडं जास्त निथळतं आणि कपडे जरा लवकर वाळतात. पण तेवढ्यासाठी ४५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला एक युनिटहून जास्त वीज लागते. एवढ्या विजेत न तापवता चालवलेल्या मशीनची अख्खी धुणी होतात.

गच्चीवर सोलर आहे, मग त्याचा पाइप मशीनला जोडून द्या, असंही काही जण सांगतात. मी नाही म्हणतो. उन्हाळ्यात ते पाणी कडकडीत तापतं. त्यानं इलॅस्टिक सैल पडतं, रंग उतरतो आणि सिंथेटिक कपड्यांना चुण्या पडतात. बोअरचं पाणी असेल तर आणखी वाईट, कारण तापवल्यावर त्यातले क्षार बाहेर पडून चिकटतात. हीटरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्याच क्षारांचा असतो.

मग करायचं काय? पहिलं, पावडर मापानं घाला. जास्त फेस झाला की कपडे जास्त स्वच्छ होतात हा समज सोडून द्या. दुसरं, ड्रम गच्च भरू नका, वर वीतभर जागा राहू द्या. तिसरं, गोधडी एकटी टाकू नका. ती एका बाजूला गोळा होते, तोल जातो आणि मशीन पूर्ण वेगानं फिरतच नाही. सोबत दोन टॉवेल टाका. चौथं, पाणी आत येतं तिथली जाळी आणि खालचा फिल्टर साफ ठेवा. पावसाळ्यात गोदावरी गढूळ झाली की जाळीकडे आवर्जून बघा.

थंडीत सकाळी सहाला मशीन लावण्याऐवजी दुपारी लावा. तोवर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हानं फुकट तापलेलं असतं आणि पावडर नीट विरघळते. स्वेटर मात्र ज्या पाण्यात धुतला, तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात खंगाळा.

माझा आग्रह आहे तो पाण्यासाठी. गंगापूर धरणातून येणारं पाणी पिण्यासाठीही तेच आणि धुण्यासाठीही तेच. पावडर जास्त झाली की आपण एक खंगाळणी वाढवतो आणि ते फेसाळ पाणी गटारात सोडतो. पावडर मापात आणि स्पिन पूर्ण असेल, तर जादा खंगाळणीचं बटण बाळाच्या लंगोटांसाठी आणि नाजूक कातडीच्या माणसांसाठीच दाबावं लागेल.