भिंतीवरचे प्रेक्षक

संपादकांनी सांगितलं होतं, पणजीच्या कला अकादमीच्या दुरुस्तीवर लिहा. जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉकला गाडी धरली.   पणजीत कांपालला, अकादमीत पोहोचलो आणि दुरुस्ती राहिली बाजूला, मी व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या प्रेक्षकांत अडकलो.

अकादमी १९७०ची. मांडवीकाठची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पुरी झालेली. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस चालत चालत नदीकडे निघतो, मध्ये दार असं आडवं येतच नाही. हे सगळं माहितीपत्रकात वाचायला मिळतं.

आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या नाट्यगृहात मात्र थांबावं लागतं. भिंतींवर मारियोंनी जुन्या गोमंतकीय थिएटरातले सज्जे रंगवले आणि त्यांत माणसं बसवली. नाट्यस्पर्धेतल्या नाटकाला खाली पंचवीस डोकी असली तरी भिंती हाउसफुल्ल! मारियो रेषेचा माणूस. मुंबईच्या कॅफे माँडेगारच्या भिंतीही त्यांच्याच. इथे सपाट भिंतीला खोली द्यायची होती. असा भास एका ठरावीक जागेवरून बेतलेला असतो. कडेच्या खुर्चीत बसलं की कठडे किंचित कलतात आणि चित्रकाराची चलाखी उघडी पडते. मला तीच खुर्ची आवडली. दिवे मंदावले की खरे आणि रंगवलेले प्रेक्षक एकाच वेळी अंधारात जातात.

भिंतीलाच बोलायला लावायची ही खोड कोरियांना होतीच. दोना पावलाजवळच्या सिदाद द गोवा हॉटेलातही त्यांनी रंगवलेले भास वापरले. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात नऊ चौक, प्रत्येकाच्या भिंतीवर एकेका ग्रहाचं चिन्ह. अशा इमारतीला वेगळ्या बोधचिन्हाची गरजच उरत नाही, पण मग भिंत गेली की ओळखही जाते.

आणि अकादमीच्या भिंतींचे दिवस बरे नाहीत. २०१९मध्ये खुलं नाट्यगृह पाडण्याची भाषा झाली, कलाकार आणि वास्तुविशारद उठले. २०२१मध्ये इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली. निविदेविना काम दिल्याची ओरड झाली, तर कला-संस्कृती मंत्र्यांनी शाहजहानचा दाखला दिला: ताजमहालासाठी त्याने कुठे निविदा काढली होती! जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. नोव्हेंबरात दारं उघडली आणि तक्रारी सुरू झाल्या: आवाज नीट पोहोचत नाही, प्रकाशयोजना अपुरी, गळती आहेच. ‘कला राखण मांड’ या नावाने कलाकार एकत्र आले. २०२४मध्ये सरकारने नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं.

माझी धास्ती साधी आहे. सरकारी अंदाजपत्रकात भिंत चौरस मीटरमध्ये मोजतात आणि तिच्यावर जे असेल ते ‘रंगकाम’. ओल काढा, आवाज सुधारा, हात लागणार तो भिंतीलाच. तेव्हा कंत्राटदाराच्या कागदात मारियोंचे सज्जे वेगळ्या रकान्यात, कलाकृती म्हणून, लिहिलेले असावेत, आणि त्यांना हात लावणारा माणूस रंगारी नव्हे, चित्रसंवर्धक असावा.