दशांश चिन्हापलीकडचा आजार

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगात गोळी सुरू झाली की दोन-तीन महिन्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बहुतेकदा नॉर्मल येतो. पांढऱ्या पेशी आटोक्यात, पेशंट पुन्हा कामावर, घरच्यांचा जीव भांड्यात. आजार मात्र अंगात असतोच. तो किती उरलाय, हे सांगते बीसीआर-एबीएलची तपासणी.

१९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी त्याचा उलगडा केला: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. त्या सांध्यावर तयार होणारं बीसीआर-एबीएल हे जोडजनुक पेशींना वाढतच ठेवतं. २००१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली इमॅटिनिब ही गोळी याच जनुकाच्या प्रथिनाला रोखते.

तपासणीसाठी जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतात. त्यात बीसीआर-एबीएलचा आरएनए मोजायचा असतो, आणि आरएनए फार नाजूक असतो. नळी लॅबमध्ये वेळेत पोचली नाही, तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. लॅबमध्ये आरएनए वेगळा काढून त्याचा डीएनए करतात आणि कोविडमुळे घरोघरी माहीत झालेल्या आरटी-पीसीआरला लावतात. दर फेरीत प्रती दुपटीने वाढतात. चमक जितक्या लवकरच्या फेरीत दिसेल, तितका आजार जास्त. सोबत साध्या एबीएल जनुकाचीही मोजणी होते, म्हणून नमुना थोडा कमी-जास्त असला तरी प्रमाण काढता येतं.

गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी हा आकडा १० टक्क्यांच्या आत यावा, वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत. उतरला नाही, तर डॉक्टर आधी विचारतात: गोळ्या चुकल्या का? तसं नसेल, तर जनुकातला बदल शोधतात. टी३१५आय हा बदल निघाला, तर इमॅटिनिबचा डोस वाढवून उपयोग नसतो. औषधच बदलावं लागतं.

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचं, म्हणजे ब्रँडेड इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं आणि जेनेरिक इमॅटिनिबची वाट मोकळी राहिली. गोळी परवडते म्हणून घेतली जाते, आणि बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते, हे मला फार खुपतं. गोळी ज्या योजनेतून मिळते, त्याच योजनेत हा आकडाही बसायला हवा.

कारण पुढे गोळी थांबवण्याची शक्यताही याच आकड्यावर ठरते. फ्रान्समधल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दोन वर्षं आजाराचा माग न लागलेल्या १०० जणांचं इमॅटिनिब थांबवलं. निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात आजार परतला, बहुतेकांच्या पहिल्या सहा महिन्यांतच. पण तपासण्या नियमित चालू असल्याने तो वेळीच सापडला, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर आटोक्यातही आला.