जिन्यावरची शिडी

"अगं, शिडी तू आधीच थांबवलीस. आता ती घसरणार कशी?"

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचा जिना उतरताना हे वाक्य कानावर पडलं आणि मी थबकले. पुतण्याला डबा द्यायला गेले होते. वर हॉलमध्ये रांगेनं खुर्च्या, प्रत्येकापुढे प्लायवूडचा आडोसा आणि भिंतीवर पाटी : 'शांतता राखा. आपापसांत बोलू नये.' बोलत होते ते फक्त पंखे. खाली जिन्याच्या वळणावर मात्र बारावी सायन्सची पाच-सहा मुलं पायऱ्यांवर वह्या पसरून बसली होती. शिडी कुठे दिसेना. शिडी वहीत होती.

त्यानंतर आणखी चार संध्याकाळी गेले. डब्याचं निमित्त होतंच.

गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला २ मीटर वेगानं भिंतीपासून दूर सरकतंय. ते भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल? माझ्या बारावीतही ही शिडी होती. मी ती पाठ केली होती. मागे दिलेल्या उत्तराशी उत्तर जुळलं की पुढचं गणित.

"सेकंदाला दोन मीटर?" एक मुलगा म्हणाला. "या टायमाला लक्ष्मी रोडवर पीएमटी तरी एवढी पळते का?"

सगळे हसले. जिची वही मध्ये होती ती हसली नाही. तिचं उत्तर शून्य येत होतं. तीनदा केलं, तीनदा शून्य. म्हणजे खालचं टोक धावतंय आणि वरचं जागच्या जागी. काटकोन त्रिकोण बरोबर काढला होता. कर्ण ५, पाया ३, म्हणून उंची ४, हेही बरोबर. मग तिनं डेरिव्हेटिव्ह घेतला होता. पण तोवर पायाच्या जागी ३ हा आकडा येऊन बसला होता. तीनाचा वर्ग नऊ, आणि नऊ काही सरकत नाही. बदलणारी गोष्टच तिनं स्थिर करून टाकली होती. आधी डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, आकडे नंतर भरायचे. क्रम तेवढा चुकला होता.

ही चूक मला दोन वाक्यांत लिहिता आली, कारण ती मी त्या जिन्यावर ४० मिनिटं ऐकली. समजावणारी मुलगी बार्शीकडची, हॉस्टेलवर राहणारी. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीपासून सगळं इंग्रजीत. अजूनही ती 'हायपोटेन्यूज' म्हणत नाही, 'कर्ण' म्हणते. तिचा एक नियम मला फार आवडला. समोरच्याच्या वहीवर ती पेन टेकवत नाही. स्वतःच्या पेनाचं टोपण बंद करते, पेन केसात खोचते आणि म्हणते, "पेन तुझ्या हातात. मी नुसती विचारणार."

मग प्रश्न सुरू. सरकतंय काय? थांबलंय काय? शिडीची लांबी बदलते का? नाही. पायाचं अंतर? बदलतं. "मग बदलणाऱ्याला तू तीन का म्हटलंस?" समोरची गप्प. तेवढ्यात पीएमटीवाल्यानं फूटपट्टी पायरीच्या उभ्या भागाला टेकवली आणि तिचं खालचं टोक बोटानं सावकाश ओढलं. वरचं टोक आधी हळूहळू उतरलं, शेवटी टपकन आपटलं. समोरचीनं पान उलटलं. नवीन पानावर उत्तर आलं : सेकंदाला दीड मीटर, ऋण चिन्हासह. "ऋण का?" असं विचारायच्या आतच ती म्हणाली, "उंची कमी होतेय ना."

त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगत बसत नाही. ती लगेच चहा प्यायला खाली गेली, एवढं सांगते. खाली अमृततुल्य आहे. आलं-वेलदोड्याचा तो वास जिनाभर भरून असतो. आता घरी चहा उकळायला लागला की मला ती फूटपट्टी आठवते.

या सगळ्याला घड्याळ लावणाराही त्यांच्यात एक होता. "सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद," तो म्हणाला. "जपमाळेत मणी तेवढेच असतात, काकू." त्याच्या हिशेबानं त्या ४० मिनिटांत सीईटीचे २२ प्रश्न झाले असते. त्याचं चूक नाही. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा. शेवटच्या विभागात आठांतले पाच प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. तिथे पायऱ्यांना गुण मिळतात. सीईटीत पायरी कुणी बघत नाही, बरोबर पर्यायाला दोन गुण आणि चुकल्यास वजा काही नाही. एकाच वर्षात एकाच मुलानं सावकाशही व्हायचं आणि १०८ सेकंदांतही बसायचं.

घाईवरचं औषध मुलांच्या खिशातच असतं. कुणाकडून तरी सोडवलेल्या गणिताचा फोटो मागवायचा. दोन मिनिटांत येतो, अक्षरही सुंदर असतं. फोटोत सगळ्या पायऱ्या असतात. आपण कुठल्या पायरीवर घसरलो ते मात्र नसतं. 'डाउट'साठी क्लासात वेगळी वेळ असते, असं मुलांनी सांगितलं. तिथे रांग लागते आणि सर भराभर अख्खं गणित लिहून देतात. तोही एक फोटोच, हाती काढलेला.

जिन्यावर सगळं बरोबरच शिकवलं जातं असं नाही. तिसऱ्या संध्याकाळी एकानं विचारलं, १ भागिले एक्स याचं उणे एकपासून एकपर्यंत इंटिग्रेशन किती? फंक्शन विषम आहे, सीमा सारख्या आहेत, म्हणून शून्य. पाचही जणांचं एकमत, बार्शीवालीचंसुद्धा. एमपीएससी करणारा एक दादा, मूळचा इंजिनिअर, चहाला खाली चालला होता. न थांबता म्हणाला, "मध्ये शून्य लागतं. तिथे काय होतं ते बघा." तिथे भागाकारच होत नाही, फंक्शन आभाळाला भिडतं आणि नियम वापरता येत नाही. एकमतानं केलेली चूक फार पक्की बसते. तो दादा त्या मिनिटाला जिना उतरला नसता तर ती पाच वह्यांत राहिली असती.

पण त्या दिवसापासून मुलांना मधली जागा बघायची सवय लागली. शेवटच्या संध्याकाळी शून्य उत्तरवाली मुलगीच म्हणाली, "मग आपली शिडी? अगदी शेवटी काय होतं?" पेन तिच्याच हातात होतं. पायाचं अंतर ४ मीटर धरलं तर वेग सेकंदाला २.६७ मीटर. ४.९ मीटर धरलं तर जवळजवळ १०. आणि ५ मीटरला? खाली शून्य येतं. वेग अनंत. कुठलीही खरी शिडी अनंत वेगानं पडत नाही. म्हणजे त्याआधीच कुठेतरी तिचं टोक भिंत सोडत असणार आणि तिथे आपला त्रिकोण मोडत असणार. हे तिनं स्वतः शोधलं. पेपरात हे कुणी विचारत नाही. घड्याळवाल्यानंही त्या वेळी मोबाइल काढला नाही.

माझं मत लपवत नाही. मला त्या इमारतीत गणित दिसलं ते जिन्यावर. वर हॉलमध्ये तयारी चालते. ती हवीच, त्या मुलांची वर्षं पणाला लागलेली असतात आणि त्यांना शांतता मिळालीच पाहिजे. पण ज्याला अडलंय त्यानं विचारायचं कुठे? डास चावत असताना, ये-जा करणाऱ्यांना पाय आखडून वाट देत, चाळीस वॉटच्या दिव्याखाली?

अभ्यासिका चालवणाऱ्या संस्था, नगरपालिका, मंडळं यांना म्हणून एक विनंती. सगळ्या हॉलमध्ये शांततेची पाटी राहू द्या. एका लहान खोलीत मात्र ती लावू नका. तिथे एक फळा, खडूची पेटी आणि चार बाकं ठेवा. पाटी लावायचीच असेल तर लिहा : 'येथे बोलावे. पेन ज्याचे त्याच्या हातात.'