गावाने राखलेले जंगल

उजाड झालेले जंगल पुन्हा उभे करण्याचे काम शेजारच्या गावानेच हाती घेतले, की त्याला सामूहिक वनसंवर्धन म्हणतात. रोपे लावणे हा त्यातला लहान भाग असतो. राखण, नियम आणि वनोपजाची न्याय्य वाटणी यांना जास्त वर्षे आणि जास्त श्रम लागतात. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील बारीपाडा, गडचिरोलीतील मेंढा (लेखा), अमरावतीतील पायविहीर आणि चंद्रपुरातील पाचगाव या गावांनी हे काम वेगवेगळ्या वाटांनी केले. ज्यांचा संसार जंगलावर चालतो त्यांच्या हाती जंगलाचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आली, तर जंगल सावरते आणि गावही सावरते, हे या चारही गावांत दिसून आले आहे.

जंगल उजाड कसे झाले हे पाहिल्याशिवाय त्याच्या परतीचे महत्त्व कळत नाही. इंग्रज सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. त्यानंतरचा १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. सरपण, चराई, शेतीच्या अवजारांसाठी लाकूड, औषधी मुळ्या या गावाच्या पिढीजात वहिवाटी होत्या. त्या आता सरकारी सवलती ठरल्या. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग गेला, पुढे कागदासाठी बांबू गेला. जंगल सरकारचे झाल्यावर ते राखण्याची गावाची जुनी रीतही मोडली. आपण सोडले तरी दुसरा तोडून नेणारच, अशी भावना वाढली आणि ठेकेदाराच्या कुऱ्हाडीबरोबर गावाचीही कुऱ्हाड चालू लागली.

केंद्र सरकारने १९९० मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण आणले आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये ते स्वीकारले. गावोगाव वन संरक्षण समित्या झाल्या. काही समित्यांनी उत्तम काम केले, पण अंतिम निर्णय वनखात्याकडेच राहिला. खरा बदल अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणाऱ्या २००६ च्या कायद्याने झाला. त्याची अंमलबजावणी २००८ च्या आरंभी सुरू झाली. वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्काबरोबरच या कायद्यात सामूहिक वनहक्काची तरतूद आहे. गाव परंपरेने वापरत आलेल्या जंगलाचे रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार त्यातून ग्रामसभेला मिळतो. बांबू, तेंदूपाने, मध, मोहफुले, डिंक यांसारख्या गौण वनोपजाची मालकीही मिळते. या जंगलाची जमीन मात्र विकता येत नाही आणि कोणाच्या नावावर करता येत नाही.

मध्य भारतातील पानझडी जंगलात एक मोठी ताकद दडलेली असते. वरून बोडक्या दिसणाऱ्या टेकडीवरही मातीखाली मुळे जिवंत असतात. सागाच्या आणि धावड्याच्या खुंटांना नवे धुमारे फुटतात. तेंदू आणि पळस मुळांवरून फुटून वर येतात. पण दरवर्षी जनावरे हे कोंब खातात, उन्हाळ्यात वणवा त्यांना जाळतो आणि उरलेसुरले सरपणाला जाते. त्यामुळे झाड वर्षानुवर्षे गुडघाभर उंचीचे झुडूपच राहते. अशा ठिकाणी चराई, वणवा आणि तोड ही तीन कारणे थांबवली, तर लागवड न करताही पुष्कळ जंगल परत येते.

म्हणून गावांचे काम राखणीपासून सुरू होते. जंगलाचे भाग पाडून त्यांत आळीपाळीने चराईबंदी होते. बंद भागातले गवत कापून आणण्याची मुभा असते, त्यामुळे जनावरांचे हाल होत नाहीत. कुऱ्हाडबंदीत हिरवे झाड तोडायला मनाई असते आणि वाळलेले लाकूड डोक्यावर आणायला परवानगी असते. उन्हाळ्यापूर्वी पालापाचोळा झाडून जाळरेषा काढतात. उतारावर समतल चर खणतात आणि ओघळींत दगडी बांध घालतात. पावसाचे पाणी मुरते, माती अडते आणि खालच्या विहिरींना आधार मिळतो. जिथे माती पार वाहून गेली आहे आणि मुळेही उरली नाहीत, तिथेच लागवडीची खरी गरज असते.

लागवड करताना कोणती झाडे निवडायची हा कळीचा प्रश्न आहे. एकाच जातीची झाडे ओळीने लावली तर क्षेत्र हिरवे दिसते, पण त्यात पाखरांना वर्षभर अन्न मिळत नाही आणि गावालाही वर्षभर उत्पन्न मिळत नाही. मोह, चारोळी, आवळा, बेहडा, बिजा, ऐन, तेंदू अशी मिश्र झाडे असली, तर फुलोरा आणि फळे वेगवेगळ्या महिन्यांत येतात. मोहाचे बी पडल्यावर थोड्याच दिवसांत उगवण्याची शक्ती गमावते, म्हणून ते गोळा करून लगेच पेरावे लागते. असे ज्ञान गावातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांकडे असते आणि रोपवाटिकेत त्याचा मोठा उपयोग होतो.

जैवविविधता एका क्रमाने परत येते. आधी गवत आणि वेली वाढतात, त्यांच्याबरोबर कीटक येतात. बोर, करवंद यांसारखी झुडपे फळू लागली की बुलबुलासारखे पक्षी बिया आणून टाकतात. मोहाची फळे वटवाघळे दूरवर नेतात आणि अस्वलाच्या विष्ठेतून बोरासारख्या फळांच्या बिया पसरतात. असे प्राणी-पक्षी टिकले तर पुढची लागवड तेच करतात. पालापाचोळा कुजून माती सुधारते, ओल टिकते आणि सावलीत उगवणाऱ्या जातींना जागा मिळते. जुने वृक्ष, ढोल्या आणि पाणवठे राखणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याने वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतले. कोकणा आदिवासींच्या या छोट्या गावात तेव्हा डोंगर उघडे पडले होते आणि पाण्यासाठी वणवण होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखायला घेतले. तोडीवर दंड लावला आणि राखणीसाठी माणसे नेमली. जंगल दाट होत गेले तसे झरे आणि विहिरी जिवंत झाल्या, आणि टंचाईचे हे गाव शेजारच्या गावांना पाणी देऊ लागले. शेतीतही भातासारख्या पिकांना बळ आले. गावात भरणाऱ्या वनभाजी महोत्सवात महिला रानभाज्या रांधून आणतात. कोणती भाजी कुठे उगवते, कधी खुडायची आणि कशी शिजवायची हे ज्ञान त्यातून पुढच्या पिढीकडे जाते. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने स्वशासनाची पायवाट घातली. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून तिथे अभ्यासगट सुरू झाले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत रुजली. मधमाश्या न मारता मध काढणे, वणव्यावर नजर ठेवणे, बाहेरच्या तोडीला विरोध करणे ही कामे कायदा येण्याआधीच चालू होती. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा हा वाद उरला होता. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू हे लाकूड नसून गौण वनोपज आहे, हे तिथे प्रत्यक्षात उतरले.

बांबूची तोड नीट केली तर बेट दरवर्षी वाढते. पावसाळ्यात नवे कोंब, म्हणजे वास्ते, फुटतात. त्या काळात तोड बंद ठेवायची, कोवळे बांबू राखायचे आणि पक्के झालेलेच कापायचे, असे नियम पाळावे लागतात. ठेकेदाराला एका हंगामाचा हिशेब असतो. गावाला पुढची अनेक वर्षे त्याच बेटावर जगायचे असते, म्हणून गाव हे नियम मनापासून पाळते.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांचा हक्क मिळाला. बांबू विक्रीतून गावातच मजुरी मिळू लागली. त्याच गावाने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला. पानांसाठी झुडपे छाटतात आणि नवी पालवी चांगली यावी म्हणून आगी लावतात. यात जंगलाचे नुकसान होते आणि तेंदूची टेंभरं नावाची गोड फळेही मिळत नाहीत. हातात येणारा पैसा सोडून गावाने फळे, पाखरे आणि झाडे राखली. जंगलाचा एक भाग तोडीपासून पूर्ण मुक्त ठेवला. जगण्याची सोय झालेले गाव निसर्गासाठी स्वतःहून त्याग करते, याचे हे मोलाचे उदाहरण आहे.

अचलपूर तालुक्यातील पायविहीर या कोरकूबहुल गावासमोर उजाड टेकड्या होत्या. २०१२ मध्ये १९३ हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर ‘खोज’ संस्थेच्या मदतीने गावाने रोजगार हमीची कामे याच जमिनीवर आणली. चर खणले, झाडे लावली, चराई आणि तोड थांबवली. स्थलांतर करणाऱ्या हातांना गावात मजुरी मिळाली. पुढे टेकड्यांवरची सीताफळे वेचून, प्रत लावून आणि पेट्या भरून गाव स्वतः मुंबईच्या बाजारात विकू लागले. या कामाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

मिश्र जंगल गावाला कसे पोसते हे वर्षाच्या चक्रात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, त्यानंतर चारोळी आणि तेंदू, पावसाळ्याच्या तोंडावर मोहाच्या तेलबिया, पावसाळ्यात रानभाज्या, वास्ते आणि अळंबी, दिवाळीच्या सुमारास सीताफळे, हिवाळ्यात आवळा, हिरडा, बेहडा आणि बांबू. शेतीचे एक पीक बुडाले तरी घरात काहीतरी येत राहते. वेचणीचे बरेचसे काम महिला करतात, त्यामुळे मिळकतीचा आणि ग्रामसभेतल्या शब्दाचा वाटा त्यांना मिळणे अगत्याचे आहे. साठवण, वाळवण आणि प्रक्रिया गावातच झाली तर भाव वाढतो. केंद्राने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी आधारभूत किमतीची योजना आणली, पण खरेदी वेळेवर झाली तरच तिचा लाभ पोचतो.

अडचणी लहान नाहीत. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले, पण हक्काचा कागद हाती आल्यावर हद्द आखणे, आराखडा करणे, हिशेब ठेवणे आणि व्यापाऱ्याशी करार करणे यासाठी ग्रामसभांना दीर्घकाळ साथ लागते. बांबूला काही दशकांनी एकदाच फुलोरा येतो आणि मग बेट वाळते, तेव्हा उत्पन्न अचानक तुटते. चंद्रपूर-गडचिरोलीत पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. वन्यजीव परतत असताना माणसांच्या सुरक्षेची आणि तत्पर भरपाईची व्यवस्था हवी. ग्रामसभेला न विचारता एकजिनसी लागवड आणली गेली, तर वर्षानुवर्षांची राखण वाया जाऊ शकते.

या अनुभवांतून काही अटी स्पष्ट होतात. हक्क लेखी आणि निःसंदिग्ध असावा. नियम गावाने स्वतः ठरवलेले आणि सर्वांना सारखे असावेत. दंडाचा आणि विक्रीचा हिशेब ग्रामसभेत उघड मांडला जावा. वनखात्याने तज्ज्ञ मदतनिसाची भूमिका घ्यावी, आणि रोजगार हमीसारख्या योजनांचा पैसा गावाच्या आराखड्यानुसार यावा. जंगल वाढायला वीस-पंचवीस वर्षे लागतात आणि तेवढा काळ त्याच्याजवळ राहणारी माणसे गावाचीच असतात. म्हणून वनीकरणाची कोणतीही योजना गावाच्या हक्कापासूनच सुरू व्हायला हवी.